‘रिअर विंडो’ची ४के डिस्क : अंगणापलीकडून येणारा आवाज

रहस्यपटांचे चाहते ही डिस्क घेतीलच, त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. मी हे लिहितो आहे ते नाटकवाल्यांसाठी. नेपथ्य उभारणारे, दिवे लावणारे आणि माझ्यासारखे विंगेत बसून आवाज सोडणारे, यांच्यासाठी. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५४ सालच्या या चित्रपटात एक खोली आहे, तिची खिडकी आहे आणि खिडकीसमोर अंगण आहे. पायाला प्लास्टर घातलेला एक फोटोग्राफर चाकांच्या खुर्चीत बसून समोरच्या बिऱ्हाडांकडे बघतो. ११२ मिनिटे आपण त्याच्यासोबत त्याच खोलीत असतो. एका सेटवर माणसाला खिळवून कसे ठेवायचे हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने हा चित्रपट एकदा बघून भागत नाही. तो आवाज वाढवून, थांबवून, मागे नेऊन बघावा लागतो, आणि त्यासाठी डिस्कच हवी.

माझ्याकडे आहे ती युनिव्हर्सलने २०२० मध्ये काढलेल्या चार चित्रपटांच्या पेटीतली प्रत. ‘रिअर विंडो’सोबत त्यात ‘व्हर्टिगो’, ‘सायको’ आणि ‘द बर्ड्स’ आहेत. भाचा जहाजावर कामाला आहे, त्याने येताना आणली. ४के डिस्कला प्रदेशाचे कुलूप नसते, त्यामुळे जगाच्या कुठल्याही बंदरावर घेतलेली डिस्क आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळातही चालते. साध्या ब्ल्यू-रे प्लेयरवर मात्र ती लागणार नाही, ४के प्लेयर लागतो. आमच्याकडे भाच्याचाच डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आहे, तो हे काम चोख करतो. पडद्याला आमच्या नाट्यमंडळाचा प्रोजेक्टर आणि आवाजाला तालमीतले दोन स्पीकर. घर कौलारू आहे म्हणून एक सूचना आधीच देतो: जून ते सप्टेंबरमध्ये ही डिस्क लावू नका. मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळत असताना या चित्रपटातला निम्मा आवाज हरवतो, आणि हा चित्रपट म्हणजे निम्मा आवाजच आहे.

गोष्ट थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधला जेफ (जेम्स स्टुअर्ट) मोडलेला पाय घेऊन उन्हाळ्यात घरात अडकला आहे. समोरच्या इमारतीत थॉरवॉल्ड नावाचा फिरता विक्रेता आजारी बायकोसोबत राहतो. एके रात्री तो पावसात नमुन्यांची पेटी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर जातो, आणि सकाळपासून बायको दिसत नाही. जेफला संशय येतो. प्रेयसी लिसा (ग्रेस केली), मालिश करायला येणारी परिचारिका स्टेला (थेल्मा रिटर) आणि पोलिसातला मित्र डॉइल (वेंडेल कोरी), यांना तो हा संशय पटवत राहतो. मूळ कथा कॉर्नेल वूलरिचची, १९४२ ची. त्या कथेत लिसा नाहीच. ती पटकथाकार जॉन मायकेल हेजने आणली, आणि तिच्या येण्याने गोष्टीला दुसरा पाय मिळाला. समोर एक लग्न संपले आहे आणि अलीकडे एक माणूस लग्नाला घाबरतो आहे.

आता आवाजाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते त्यावर.

पहाटे पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत सायकलवरून येतो तेव्हा आपण अंथरुणात पडूनच सांगू शकतो की तो आता वरच्या वाड्यावर आहे, आता देवळाच्या वळणावर, आता शेजाऱ्याच्या दारात. भोंगा तोच असतो. बदलते ते त्याच्या आणि आपल्या मधले अंतर, वाटेतल्या भिंती, झाडे, वारा. कान हे अंतर आपोआप मोजतो. आणि आम्ही नाटकवाले नेमके हेच विसरतो. मांडवात दोन बाजूंना दोन स्पीकर टांगलेले. कुत्रा भुंकला तरी त्यातून, ढग गडगडला तरी त्यातून, शेजारच्या घरात बाई किंचाळली तरी त्यातून, आणि तेही सारख्याच जोराने. प्रेक्षकाला आवाज कळतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. आणि कुठून आला हे कळले नाही तर भीती वाटत नाही.

‘रिअर विंडो’मध्ये प्रत्येक आवाजाला पत्ता आहे. शीर्षके संपेपर्यंत फ्रान्झ वॅक्समनचे जॅझ संगीत वाजते, बांबूचे पडदे एकेक करून वर जातात, आणि त्यानंतर जवळजवळ सगळे संगीत अंगणातल्या कुणा ना कुणाच्या घरातून येते. दाढी करता करता संगीतकार रेडिओवरची जाहिरात बंद करून गाणे लावतो. गॅलरीत गादी टाकून झोपलेले जोडपे गजराच्या घड्याळाने उठते. नाचाचा सराव करणारी मुलगी आहे, तिच्या खोलीतून बर्नस्टाइनचे बॅले संगीत येते. गल्लीच्या फटीतून रस्त्यावरची मुले आणि गाड्या ऐकू येतात. संध्याकाळी कुठेतरी एक गायिका स्वर घोटते, ती दिसतही नाही. यातला एकही आवाज जेफच्या खोलीत जन्मलेला नाही. तो खिडकीतून आत येतो, आणि आत येईपर्यंत थोडा झिजलेला असतो. कडा गेलेल्या, थोडा घुमणारा. समोरचे थॉरवॉल्ड नवरा-बायको भांडतात तेव्हा हात दिसतात, तोंडे हलताना दिसतात, पण शब्द लागत नाहीत, फक्त सूर लागतो. आपण पुढे वाकून ऐकू लागतो. जेफही तेच करतो. माझ्या मते चित्रपटाचा सगळा ताण या एका जागेवर उभा आहे: बघता येते, पण ऐकू पुरेसे येत नाही, आणि जाता तर मुळीच येत नाही.

डिस्कवर मूळ मोनो आवाज जपला आहे, म्हणजे दोन वाहिन्या असल्या तरी दोन्हींवर एकच आवाज, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात. पाच-सात स्पीकरांचा घेरा करून ठेवणाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल. मला आनंद झाला. मोनो असल्यामुळे डावे-उजवे नाही, आहे ते फक्त जवळ आणि लांब. खोलीतली माणसे बोलतात तेव्हा आवाज कोरडा आणि कानाशी, अंगणातले आवाज ओलसर आणि मागे. हा फरक मी याआधी इंटरनेटवरून बघताना मला एवढा स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता, तिथे दाबून बारीक केलेल्या आवाजात लांबचे सगळे एका थरात मिसळते. चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने होती: दिग्दर्शन, पटकथा, रंगीत छायांकन आणि ध्वनिमुद्रण. मिळाले एकही नाही. ध्वनिमुद्रणाचे नामांकन का होते ते ही डिस्क ऐकल्यावर कळते.

खुनाच्या रात्रीचा आवाज बघा. लिसा रागावून निघून गेली आहे. अंधारात काच फुटल्याचा आवाज येतो आणि एका बाईची अर्धवट किंकाळी, एखादा शब्दच. कॅमेरा अंगणावरून फिरतो, काही दिसत नाही. मग पाऊस, आणि गॅलरीतले जोडपे गादी ओढत आत पळते, तेही खिडकीत अडकत, म्हणजे हसायला येईल असे. कुठेही वाद्यांचा झणका नाही. आमच्या नाटकात खून झाला की सिंथेसायझरवर असा सूर सोडतात की पहिल्या रांगेतली पोरे रडायला लागतात. हिचकॉकने किंकाळी लहान ठेवली, लांब ठेवली, आणि लगेच पावसाखाली पुरून टाकली. पुढचा तासभर आपण ती आठवत राहतो, कारण ती नीट ऐकू आलीच नव्हती.

आणि शेवट. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. जेफ एकटा आहे, दिवे बंद. फोन वाजतो. डॉइलचाच असणार म्हणून तो घाईघाईने बोलून टाकतो, आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही. फोन ठेवल्याची टिक. मग जिन्यावर पावले. ही चित्रपटातली पहिली वेळ, जेव्हा थॉरवॉल्डचा आवाज अंगण ओलांडून नव्हे, पाठीमागच्या दारातून येतो. इतका वेळ जो आवाज लांबचा होता तो आता कोरडा झाला आहे, जवळचा. दाराखालच्या फटीतला उजेड विझतो. माझ्या व्यवसायातल्या माणसाने हे दोन मिनिटे डोळे मिटून ऐकावे. पावलांना घाई नाही, जोर नाही, प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा थोडे स्पष्ट आहे, बस्स. आत आल्यावर थॉरवॉल्ड धमकी देत नाही. तुला माझ्याकडून काय हवे आहे, असे विचारतो, आणि रेमंड बरच्या आवाजात थकवा आहे. ज्याला आपण सव्वा तास दुर्बिणीतून किड्यासारखे न्याहाळले, त्याला पहिल्यांदा माणसाचा आवाज मिळतो. मग जेफ फ्लॅशचे बल्ब एकेक करून उडवतो, आणि थॉरवॉल्डच्या डोळ्यांपुढे जो लाल-केशरी गोळा पसरतो तो आपल्या पडद्यावर पसरतो. ४के चित्रातला हा लाल रंग प्रोजेक्टरवरसुद्धा डोळे दिपवतो.

प्रकाशाचे इतर काम बघायचे तर लिसाच्या पहिल्या प्रवेशावर थांबा. झोपलेल्या जेफच्या चेहऱ्यावर सावली सरकते. क्षणभर वाटते धोका आहे. मग ग्रेस केलीचा चेहरा जवळ येतो, चुंबन, आणि तो क्लोजअप किंचित थरथरतो. जेफ गमतीने विचारतो, तू कोण? ती नावाचे तीन भाग तीन दिवे लावत सांगते: लिसा, एक दिवा. कॅरल, दुसरा दिवा. फ्रिमॉन्ट, तिसरा. तिसऱ्या दिव्याला ती आणि तिचा काळा-पांढरा पोशाख पूर्ण उजळतो. पात्राची एंट्री, प्रकाशयोजना आणि स्वभाव एकाच हालचालीत. पोशाख इडिथ हेडचे आहेत, आणि पुढे लिसाचा फिकट हिरवा सूट या डिस्कवर असा दिसतो की आमच्या मंडळात वेशभूषा करणाऱ्या वहिनींनी चित्र थांबवायला लावून त्याची शिलाई बघितली.

नेपथ्याची हकिकत ऐकलीच पाहिजे अशी आहे. हे अंगण पॅरामाउंट स्टुडिओच्या १८ क्रमांकाच्या स्टेजवर बांधले. उंची पुरेना म्हणून स्टेजची जमीन काढून अंगण तळघराच्या पातळीवर नेले. त्यामुळे जेफचे घर वरच्या मजल्यावर दिसते ते प्रत्यक्षात स्टेजच्या जमिनीच्या उंचीवर आहे. समोर ३१ घरे, त्यातली काही आत राहता येईल अशी पूर्ण मांडलेली. पावसाच्या पाण्याला जायला गटारे केलेली. दिवस आणि रात्र यांचे दिवे आधीच लावून ठेवलेले, म्हणजे एका खटक्याने सकाळ आणि दुसऱ्याने संध्याकाळ. पलीकडच्या खोल्यांतल्या नटांच्या कानात छोटे रेडिओ होते आणि हिचकॉक जेफच्या खोलीतून त्यांना सूचना द्यायचा. म्हणजे दिग्दर्शकही प्रेक्षकाच्याच जागी बसला होता. छायाचित्रकार रॉबर्ट बर्क्सचा कॅमेराही बहुतेक वेळ तिथेच, खिडकीच्या अलीकडे.

सुरुवातीचा तो प्रसिद्ध फेरा पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. कॅमेरा अंगणभर फिरून खोलीत येतो. कपाळावर घाम. तापमापक ९४ अंश फॅरनहाइट दाखवतो, म्हणजे आपले ३४ सेल्सिअस, गोव्यात एप्रिलमधली साधी दुपार, पण न्यूयॉर्कला तेवढ्याने जीव नकोसा होतो आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या राहतात. खिडक्या उघड्या का, याचे उत्तर तिथेच दिले. मग प्लास्टरचा पाय, मोडलेला कॅमेरा, शर्यतीतल्या गाडीच्या अपघाताचा फोटो. माणूस कोण, काय करतो, पाय कसा मोडला, सगळे सांगून झाले आणि कुणी एक शब्द बोललेले नाही. आमच्या नाटकांत पहिली दहा मिनिटे दोन पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसतात. लेखकांनी हा फेरा तोंडपाठ करावा.

संकलक जॉर्ज टोमासिनी. जेफ बघतो, तो काय बघतो ते दिसते, पुन्हा जेफचा चेहरा. या तीन तुकड्यांवर चित्रपट चालतो. फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोंना दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकने रशियन दिग्दर्शक पुदोव्हकिन आणि कुलेशोव्ह यांच्या प्रयोगाचे ऋण मान्य केले होते: मधला तुकडा बदला, चेहरा तोच ठेवा, प्रेक्षकाला भाव वेगळा वाटतो. स्टुअर्ट फार थोडे करतो. भुवया, ओठ, कधी एक लांब श्वास. उरलेले आपण भरतो. मला यात शिकण्यासारखे हे वाटले की जेफला दिसते तेवढेच दाखवायचे हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळला, म्हणूनच तो मोडल्यावर जाणवतो. जेफ झोपलेला असताना थॉरवॉल्ड एका बाईसोबत बाहेर पडताना फक्त आपल्याला दिसतो, आणि तिथून आपण जेफपेक्षा एक गोष्ट जास्त जाणतो, पण ती त्याच्या संशयाविरुद्ध जाणारी. दुसऱ्यांदा नियम मोडतो तो छोट्या कुत्र्याच्या मरणाच्या वेळी. मालकीण आक्रोश करते, शेजारी म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक नाही, असे सगळ्या इमारतीला सुनावते, आणि कॅमेरा पहिल्यांदा अंगणात उतरून लोकांचे चेहरे जवळून दाखवतो. सगळ्या खिडक्या उजळतात, सगळे बाहेर येतात. एकच खिडकी काळी राहते, आत सिगारेटचा निखारा तेवढा फुलतो आणि मंदावतो. जुन्या प्रतींत हा निखारा नुसता ठिपका दिसायचा. या डिस्कवर काळोखाला खोली आहे, निखाऱ्यामागे माणूस बसला आहे हे जाणवते.

मंडळातल्या लोकांसोबत बघितले तेव्हा खोलीत सगळ्यात मोठा आवाज झाला तो लिसा थॉरवॉल्डच्या घरात सापडते तेव्हा. जेफ आणि स्टेला इकडून बघताहेत, ओरडून उपयोग नाही, पोलिस वाटेवर आहेत. खालच्या मजल्यावर एकाकी बाई झोपेच्या गोळ्या पुढ्यात घेऊन बसली आहे आणि संगीतकाराच्या घरातून नवे गाणे येते आहे, ते ऐकून ती थांबते. वरच्या मजल्यावर लिसाचा जीव धोक्यात. एकाच चौकटीत दोन मजले, एक वाचते आहे आणि एक सापडते आहे, आणि दोन्हींवर तेच गाणे. पोलिस येतात, लिसा पाठीमागे हात नेऊन बोटातली अंगठी जेफला दाखवते. थॉरवॉल्डला ती खूण दिसते. तो अंगठीकडे बघतो, मग वर, सरळ भिंगात. शेजारच्या काकी खुर्चीत मागे सरल्या आणि म्हणाल्या, “आगो, तो आमकां पळयता!” (अगं, तो आपल्याकडे बघतोय!) या चित्रपटाच्या कारागिरीबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही लेखात हे इतक्या थोडक्यात सांगितलेले नाही. काकींना इंग्रजी संवाद फारसे कळत नव्हते. कळायची गरजही पडली नाही.

कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात चार्ल्स कोरियांनी भिंतींवर मारिओ मिरांडांकडून जुन्या थिएटरातले प्रेक्षक रंगवून घेतले होते, आपापल्या सज्जात बसून रंगमंचाकडे बघणारे. कोण कुणाला बघतो आहे हा खेळ गोव्यातल्या नाट्यरसिकाला नवा नाही. हिचकॉकने त्यात भर घातली ती ही, की बघणाऱ्याला त्याची किंमत मोजायला लावली.

त्या गाण्याबद्दल मात्र माझे हिचकॉकशीच मतभेद आहेत. संगीतकार चित्रपटभर एक चाल शोधतो आहे: आधी पियानोवर अडखळते तुकडे, मग मित्रांसोबत, शेवटी पूर्ण गाणे, ज्याचे नाव लिसा. गाणे हळूहळू घडताना ऐकू यावे अशी हिचकॉकची इच्छा होती, आणि ते नीट साधले नाही, असे तो त्रूफोंना म्हणाला. मला ते साधलेले वाटते. चाल सापडत नाही तोवर अंगणात कुणाचेच काही जमत नाही हे कानाला कळते, आणि चालीचे अर्धवट तुकडे लांबून, इतर आवाजांत मिसळून येतात म्हणून ती रचली जात आहे असे खरोखर वाटते. स्वच्छ, जवळून ध्वनिमुद्रित केलेले गाणे इथे खोटे वाटले असते. संगीतकाराच्या घरी घड्याळाला किल्ली देणारा जाडा गृहस्थ म्हणजे स्वतः हिचकॉक, तो चुकवू नका.

चित्राच्या दर्जाविषयी. या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट होती, रंग उडालेले. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि २००० मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्याआधी बरीच वर्षे हक्क हिचकॉककडे असल्याने तो दिसेनासाच झाला होता, १९८० च्या दशकात परत आला. हा इतिहास डोक्यात ठेवून ४के प्रत बघा. काही शॉट शेजारच्या शॉटपेक्षा मऊ किंवा दाणेदार आहेत, विशेषतः जिथे एक दृश्य दुसऱ्यात विरघळते तिथे. हा दोष डिस्कचा नाही. फिल्मचा मूळचा दाणा पुसून चेहरे मेणाचे केलेले नाहीत याबद्दल मी कृतज्ञ आहे. संध्याकाळचा केशरी उजेड विटांवरून उतरतो आणि खिडक्यांतले पिवळे दिवे एकेक करून लागतात, तो बदल आधीच्या ब्ल्यू-रेपेक्षा कितीतरी नाजूक दिसतो. एक तोटा आहे. स्पष्टता वाढल्याने मागचे रंगवलेले आकाश रंगवलेले आहे हे आता कळते. मला तो तोटा वाटला नाही, पडदा रंगवणाऱ्याच्या हाताची कसब दिसली. पण ज्यांना भास पूर्ण हवा त्यांना खटकेल.

चित्रपटात खटकणाऱ्या जागाही आहेत. शेवटची झटापट वेगाने पळवलेल्या चित्रात आहे आणि शेजारी धावतात ते तुटक, बाहुल्यांसारखे. जेफ खिडकीतून पडतो तो शॉट तेव्हाही जमला नसावा. पूर्वार्धात लग्न करावे की नाही यावरचे बोलणे एका फेरीने कमी चालले असते. आणि अंगणातल्या बायकांना जेफ जी नावे ठेवतो, एकीला तिच्या शरीरावरून, दुसरीला तिच्या एकाकीपणावरून, त्याचा हिशेब चित्रपट पुरता करत नाही. एकाकी बाईचे काम करणाऱ्या ज्युडिथ एव्हलिनने मात्र ते नाव खोडून टाकले आहे. रिकाम्या खुर्चीसमोर दोघांचे जेवण मांडून ती न आलेल्या पाहुण्याला पेला उंचावते, इकडे जेफ नकळत आपला पेला उंचावतो. हा प्रसंग संवादाशिवाय आहे, बिंग क्रॉस्बीच्या गाण्यावर, आणि आमच्या खोलीत त्या वेळी कुणी चहाचा कप खाली ठेवला नाही.

जोडीचे भाग जुनेच आहेत, आधीच्या डिस्कवरून आणलेले. त्यातला पुनरुज्जीवनावरचा माहितीपट बघाच, हॅरिस आणि कॅट्झ निगेटिव्हची काय दशा होती ते दाखवतात. पटकथाकार हेजशी गप्पांचा भाग लिहिणाऱ्यांसाठी चांगला आहे. हिचकॉकच्या ध्वनिविचारावरचा भाग मी दोन तालमींच्या मध्ये मंडळातल्या पोरांना लावून दाखवला, तो कुठल्याही शिबिरात दाखवावा असा आहे. चित्रपट चालू असताना ऐकायचे जॉन फॉवेलचे भाष्य विद्वत्तेचे, सलग ऐकायला जड, प्रसंग निवडून ऐकले तर उपयोगाचे. माझ्या प्रतीत मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत, इंग्रजी आहेत.

घ्यायची असेल आणि चार चित्रपटांची पेटी परवडत नसेल तर एकटी डिस्कही निघाली आहे. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत जुने चित्रपट पणजीत मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात ते मिळतातच, पण थांबवून, मागे नेऊन बघायची सोय तिथे नाही.

लावताना एवढे करा. टीव्हीतला किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधला आवाज सगळीकडून घुमवणारा जो काही पर्याय असेल तो बंद करा. चित्र गुळगुळीत करणारा पर्यायही बंद. दोन स्पीकर असतील तर जवळजवळ ठेवा, पडद्याच्या मधोमध, आणि शक्य असेल तर एकच वापरा. आवाज नेहमीपेक्षा थोडा वर, इतका की खोलीतले संवाद किंचित मोठे वाटतील, म्हणजे अंगणातले बारीक आवाजही ऐकू येतील. पंखा बंद ठेवता आला तर उत्तम. पहिल्या वेळी चित्रपट सरळ बघा. दुसऱ्या वेळी कागद घेऊन बसा आणि प्रत्येक आवाजापुढे लिहा: कुठल्या खिडकीतून आला, आणि किती लांबून. आमच्या पुढच्या नाटकाचा ध्वनिआराखडा आम्ही याच पद्धतीने करायला घेतला आहे, आणि मांडवातले दोन्ही स्पीकर एका बाजूला नेण्यावरून मंडळात वाद सुरू आहे.